लखमाचा वायसर

वाशिमहून जऊळक्याला परत येताना धम्मरत्न इंगोले एसटीत तीन माणसांशी भांडला. त्यातल्या दोघांनी त्याचं काहीच वाकडं केलं नव्हतं. तिसरा कंडक्टर. त्याने "कुठलं?" असं तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा ओरडला, एवढाच त्याचा गुन्हा. "बहिरा हायेस का?" असं तो म्हणाला, आणि नेमकं तेवढंच वाक्य धम्मरत्नला स्वच्छ ऐकू आलं.

"हाव, बहिराच हावो मी!" सगळी गाडी वळून बघेल अशा आवाजात तो म्हणाला. "पन सरकारले ते मान्य नाई!"

गाडी हसली. धम्मरत्नने मांडीवरची फाईल छातीशी धरली आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

बावन्न वर्षांचा माणूस. चोवीस वर्षं फौजेत काढलेली. बंदूक घेऊन धावण्याची नोकरी नव्हती त्याची. तो तोफा दुरुस्त करणारा फिटर होता. तोफ डागली की फिटरला लांब पळता येत नाही, तिच्याजवळच उभं राहावं लागतं. नळी किती मागे आली, परत जागेवर कशी गेली, तेल कुठून गळलं, हे डोळ्यांनी बघावं लागतं. त्या उभं राहण्यात डावा कान पूर्ण गेला आणि उजवा पावली उरला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. गेल्या वर्षीपासून त्याने एकच गोष्ट मागायला सुरुवात केली होती. माझे कान तोफांनी गेले, असं कागदावर लिहून द्या. बस्स. त्यासाठी तो इतक्या वेळा वाशिमला गेला होता की स्टँडवरचा चहावालाही आता विचारायचा, "काय म्हनते कान?"

आज सकाळी त्याचा निकाल लागला. निकाल लावला तो गोविंदसिंगने. हा निवृत्त सुभेदार. माजी सैनिकांचे अर्ज भरून द्यायला बसतो. मनाने चांगला, जिभेने तिखट. त्याने धम्मरत्नची फाईल उलटी केली आणि एकेका पानावर बोट ठेवत गेला.

"इंगोले, ही सही कोनाची?"

"माही."

"अन् ही?"

"माहीच."

"ही?"

"सुभेदार साहेब, साऱ्या माह्याच हायेत. मुद्द्याचं बोला."

"मुद्दा हाच हाये ना. दर वर्सी डॉक्टरनं तपासलं, अन् दर वर्सी तुमी लिहून देल्लं का कोई तकलीफ नहीं. नौकरीच्या शेवटच्या अठरा वर्साच्या अठरा सह्या हायेत. पेन्शनवाले म्हनतात, मानूस घरी जाईपर्यंत कान टकाटक होते, म्हंजे गावात जाऊन खराब झाले. आता मी काय करू, सांगा."

धम्मरत्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सह्या खऱ्या होत्या. फौजेत कान कमी झाला असं एकदा कागदावर आलं की माणसाचा दर्जा उतरतो, बढती अडते, तोफांपासून उचलून कुठेतरी गोदामात बसवतात. म्हणून सगळे फिटर, सगळे तोपची एकच करायचे. डॉक्टर मागे उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा आणि जवानाने ते म्हणून दाखवायचे. आत जाऊन आलेला बाहेरच्या रांगेला सांगायचा, "आज पंच्याहत्तर, अठ्ठावीस, एकसष्ट." डॉक्टर बिचारा घाईत असायचा, दिवसभर तेच तीन आकडे. धम्मरत्न असा अठरा वेळा पास झाला. शेवटची काही वर्षं तर त्याने डॉक्टरचा आवाज ऐकलाच नव्हता. पाठीवर त्याचा श्वास लागला की आकडा म्हणायचा.

"दुसरा अर्ज टाकू," गोविंदसिंग कोरा फॉर्म देत म्हणाला. "पन एक गोष्ट ध्यानात ठेवा. कागदावर आपली चूक कदी कबूल कराची नाई. मी खोटं लिवलं होतं म्हनान, तं कान राह्यले बाजूले, हातातली पेन्शन धोक्यात येईन."

ती खरंच येते का, हे गोविंदसिंगलाही नक्की माहीत नव्हतं. पण अशा गोष्टी माजी सैनिकांत फार लवकर पसरतात आणि कोणी त्या तपासायला जात नाही.

घरी पोचला तेव्हा अकरा वाजले होते. केशरबाई, त्याची बायको, बहिणीकडे धनजला गेली होती. घरात सून होती, मंजुषा. धम्मरत्नने फाईल खाटेवर आपटली.

"काय झालं, मामाजी?"

"काय होते? आपल्याच सहीनं आपल्याले बहिरं केलं. चाय ठेव."

भिंतीवर काचेत मढवलेलं एक प्रशस्तिपत्र होतं. चौदा वर्षांपूर्वीचं. तपासणीच्या दिवशी रेजिमेंटच्या अठराच्या अठरा तोफा सज्ज ठेवल्याबद्दल, हवालदार डी. के. इंगोले यांस. घरात कोणी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी ते दाखवलं जायचं. आज धम्मरत्नने त्याच्याकडेही रागाने बघितलं. अठरा तोफा दिसल्या, दोन कान नाही दिसले यांना!

चहा होतो न होतो तोच मंजुषाचा फोन वाजला. प्रसेनजितचा होता. धम्मरत्नचा एकुलता एक मुलगा, मंजुषाचा नवरा. बापाच्याच हाताखाली शिकलेला, आता तिकडे उत्तरेत एका रेजिमेंटच्या वर्कशॉपमध्ये तोफांचा फिटर. फोनवरचं बोलणं धम्मरत्नला कळायचं नाही, नुसती घरघर ऐकू यायची. म्हणून घरात पद्धत पडली होती. मंजुषा फोन कानाला लावायची आणि प्रसेनजितचं एकेक वाक्य सासऱ्याच्या तोंडासमोर तोंड करून सांगायची. तो ओठ वाचायचा. फौजेतल्या बातम्या अशा सुनेच्या ओठांवरून जऊळक्यात यायच्या.

"ते म्हनतात, चारशे बारा नंबरची तोफ आता आमच्याकडे आली हाये."

धम्मरत्न ताठ बसला. चारशे बारा! त्याच्या हाताखालची तोफ. काही रेजिमेंटना नव्या तोफा मिळाल्या की त्यांच्या जुन्या तोफा, ज्यांची पाळी अजून आलेली नाही त्यांच्या गळ्यात पडतात. फिरत फिरत ती पोराकडे आली होती.

"कशी हाये इचार."

"गळून राह्यली म्हनतात. तेल काळं येते अन् त्यात कायचा तरी चोथा येते. फायर झाल्यावर नळी वापस जाते तं धक्का मारते."

तोफ डागली की तिची नळी हातभर मागे येते आणि तेल-हवेच्या दाबाने हळूच परत जागेवर जाते. तो दाब एका पॅकिंगवर अवलंबून असतो. मनगट आत जाईल एवढी एक कडी. ती कडी धड असेल तर तोफ गरिबासारखी वागते. ती फाटली तर काही टनांचं लोखंड मोकाट सुटतं, आणि बाजूला बसलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही. हे धम्मरत्नने पोराला भाकरी खाता खाता शिकवलं होतं.

"मंग पॅकिंग बदलव म्हना. इचारून कायले राह्यला?"

मंजुषाने सांगितलं, ऐकलं, आणि कपाळाला आठी घालून परत वळली. "ते म्हनतात, तीनदा मागनी पाठवली. वरून जवाब येते का तोफेच्या वहीत तं नवीन ओरिजिनल पॅकिंग टाकल्याची नोंद हाये, मंग मागता कायले? अन् आता उघडली तं टाकाले दुसरं नाई, तोफ बसून जाईन. उद्या सकाळी फायर हाये. आज वहीत तोफ ठीक हाये म्हनून सही पाह्यजे, साहेब मांगं लागले हायेत." ती थांबली. "अन् म्हनतात, वहीत त्या पॅकिंगच्या नोंदीवर तुमची सही हाये. बाबाले इचार, पॅकिंग ओरिजिनलच हाये ना? बाबा म्हनतीन तसं करतो."

धम्मरत्नच्या हातातला कप बशीत वाजला. तो त्याला ऐकू आला नाही.

आता इथे खरं काय ते सांगून मोकळं होणं किती सोपं होतं. पण ज्या माणसाला सकाळीच त्याच्या अठरा सह्यांनी तोंडघशी पाडलं होतं, त्याच्यापुढे दुपार व्हायच्या आत एकोणिसावी सही उभी राहिली. आणि माणूस चिडलेला असला की आधी स्वतःची अब्रू झाकतो, मग बाकीचं.

"ओरिजिनल हाये म्हना," तो तटकन म्हणाला. "माही सही हाये ना? मंग झालं. आजकालच्या पोट्ट्याईले जरा तेल दिसलं का घाबरतात. आमी असल्याच तोफाइवर चोवीस वर्सं काढले."

मंजुषाने ते फोनवर सांगितलं. मग हसून सासऱ्याकडे वळली. "ते म्हनतात, बाबानं सांगतलं तं मंग झालं. सही करतो. आता फोन जमा कराचा हाये, सहाच्या सुमारास भेटते वापस."

फोन बंद झाला. मंजुषा स्वयंपाकाला लागली. धम्मरत्नने चहा घेतला, तो थंड झाला होता.

"बाबानं सांगतलं तं मंग झालं." हे वाक्य त्याच्या डोक्यात बसलं ते हलेना. मंजुषाने ताट वाढलं, त्याने अर्धी भाकर मोडून ठेवून दिली. मनातल्या मनात तो सगळ्यांना शिव्या देत होता. पार्ट न पाठवणाऱ्यांना, वही बघून उत्तर देणाऱ्यांना, गोविंदसिंगला, कंडक्टरला. शिव्या संपल्या आणि मग त्याच्याजवळ तो स्वतःच उरला.

चौदा वर्षांपूर्वी तपासणी पंधरा दिवसांवर आली होती आणि अठरापैकी अकरा तोफा गळत होत्या. पॅकिंग मागून मागून साहेबांच्या नाकी नऊ आले होते. अशात धम्मरत्न चार दिवसांच्या सुट्टीवर जऊळक्याला आला. विहाराजवळच्या हापशीचं काम चाललं होतं. लखमा नावाचा हापशी दुरुस्त करणारा खड्ड्यात पाय सोडून बसला होता आणि त्याच्या हातात चामड्याचा वायसर, म्हणजे वॉशर होता. पंपाच्या दट्ट्याला लावतात तो, वाटीसारखा. धम्मरत्नच्या खिशात सुट्टीतही माप असायचं. त्याने वायसर मोजला आणि तो तिथल्या तिथे नाचायचाच बाकी राहिला. केसभर कमी-जास्त. लखमाकडून त्याने डझनभर वायसर घेतले, एरंडेलात भिजत घातले, पेटीत भरून नेले. तिकडे जाऊन पातळ कापून, घासून अकरा तोफांत बसवले. गळती थांबली. तपासणीत सगळ्या तोफा सज्ज निघाल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

पण प्रत्येक तोफेची वही असते, आणि तिच्यात काय टाकलं ते लिहावं लागतं. हापशीचा वायसर असं लिहायला तिथे रकाना नव्हता. "तात्पुरतं आहे, पार्ट आले की बदलूच," असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. धम्मरत्नने अकरा वह्यांत लिहिलं: पॅकिंग बदलले, ओरिजिनल. खाली सही. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली. पार्ट आलेच नाहीत. येतील कसे? वह्या सांगत होत्या की सगळं नवं आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात जायची पाळी आली तरी वही बघून या तोफांचा नंबर मागे ढकलला जायचा, कारण त्यांच्यापेक्षा वाईट तोफा होत्या. हे त्याने आज पोराच्या बोलण्यावरून ताडलं. इतकी वर्षं पंधरा दिवसांच्या कामाचं प्रशस्तिपत्र तो पाहुण्यांना दाखवत होता.

त्याने चपला घातल्या आणि उन्हात बाहेर पडला.

लखमा स्टेशनच्या रस्त्याला आपल्या टपरीत बसला होता. आता म्हातारा झाला होता, पण हापशी अजून उपसायचा. समोर पाईप, साखळ्या, जुने दट्टे पडलेले.

"या, हवालदार!" लखमाने तोंड वर करून मोठ्याने म्हटलं. धम्मरत्नशी कसं बोलायचं ते गावाला माहीत होतं. "जयभीम! काय म्हनते कान?"

"लखमा, मले एक सांग. तुहा चामड्याचा वायसर किती दिवस टिकते?"

"पानी चांगलं असलं तं दोन वर्सं. लयच झालं तं तीन."

"अन् तेलात?"

"तेलात मी कायले ठेवू?" लखमा हसला. "ते तुमाले माहीत. तुमी तं तोफेत टाकले ना! मी तं साऱ्या गावाले सांगतो, आपल्या जऊळक्याचा वायसर देशाच्या तोफेत हाये म्हनून. नातवाच्या शाळेत बी जाऊन सांगतलं. मास्तरनं टाळ्या वाजवाले लावल्या."

साऱ्या गावाला माहीत होतं, शाळेतल्या पोरांना माहीत होतं. घरच्यांनी ती लखमाची थाप समजून हसण्यावारी नेली होती. ज्या एका वहीत लिहायचं, तिच्यात तेवढं नव्हतं.

"तुमी डझनभर नेले होते," लखमा आठवून म्हणाला. "अकरा बसवले म्हनत होते, अन् एक पेटीत ठेवला. मंग आता कुठचे आनता बदलवाले? वर्सा-दोन वर्साले बदलवतच असान ना तुमी लोक?"

लखमाने पायाजवळचा एक जुना दट्टा उचलला, त्याच्यावरचा वायसर नखाने सोडवला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "हे पाहा. अडीच वर्साचा हाये." काळा, फुगलेला, कडेला दोरे सुटलेले. धम्मरत्नने अंगठ्याने दाबला तर त्याचा चोथा झाला. प्रसेनजितने तेलात चोथा येतो म्हणून सांगितलं होतं. काळं तेल आणि चोथा.

चौदा वर्षं! ती तोफ अजून उभी होती हेच नवल. आणि उद्या सकाळी तिच्याजवळ कोण उभं राहणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. फिटरला लांब पळता येत नाही.

तो घरी आला तेव्हा घामाने भिजला होता. "फोन लाव," दारातूनच तो ओरडला. मंजुषाने लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. जमा केलेला फोन सहाच्या सुमारासच मिळणार होता आणि आत्ताशी साडेतीन वाजले होते.

"काय झालं, मामाजी? एवढे घाबरले काहून?"

मग त्याने सांगितलं. खाटेवर बसून, खाली मान घालून, वायसर, अकरा तोफा, वही, सगळं. मध्ये मध्ये तो वरच्यांवर घसरत होता, "पार्ट पाठोले असते तं मी कायले असं केलं असतं," असं म्हणत होता. सांगून झाल्यावर त्याने वर पाहिलं. मंजुषा अगदी समोर उभी होती. ती ओरडली नाही. तो ओठ वाचतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती सावकाश बोलली, आणि त्याला एकेक शब्द कळला.

"सकाळी मले खोटं बोलाले लावलं तुमी. माह्या तोंडून. उद्या त्याईले काही झालं असतं, तं ते माह्या शब्दावर झालं असतं."

"मंजू, मी..."

"ते तुमच्यावर भरोसा ठेवतात, मामाजी. वहीवर नाई ठेवत. वहीवर ठेवत असते तं तुमाले फोन कायले केला असता?"

चोवीस वर्षांत कोणत्याच साहेबाने त्याला असं झापलं नव्हतं. त्याला राग आला. मनात भीतीही होती, ती लपवून काय उपयोग? पेन्शन जाईल. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, प्रसेनजित, ज्याने बापाकडे बघून हेच काम निवडलं, तो काय म्हणेल? गोविंदसिंग सकाळी म्हणालाच होता, कागदावर कधी कबूल करायचं नाही.

मंजुषा दर दहा मिनिटांनी फोन लावत राहिली. खाटेखालची जमीन थरथरली तेव्हा अकोल्याकडे जाणारी रेल्वेगाडी आली हे धम्मरत्नला पायांना कळलं. पाच वाजले. साडेपाच वाजले. त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही.

सहाला दहा कमी असताना फोन लागला. मंजुषा बोलायला लागली आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरला.

"सही झाली म्हनतात. वही साहेबाकडे गेली."

"त्याले सांग..." धम्मरत्न खाटेवरून उठला. "त्याले सांग, बाबा खोटं बोलला. ते ओरिजिनल नाई. लखमाच्या हापशीचा वायसर हाये त्यात. चामड्याचा. चौदा वर्साचा. तोफ डागू देऊ नको. साहेबाले म्हना, आडवा झोपीन तिच्यापुढे, पन डागू देनार नाई."

मंजुषाने एक शब्द न गाळता सांगितलं. मग ती नुसती ऐकत उभी होती. पोरगा काय म्हणतो आहे ते धम्मरत्नला कळेना, आणि तिचे ओठ हलेनात. शिव्या देत असेल तर देऊ दे, पण कळू तर दे!

"काय म्हनते?"

"ते म्हनतात, नुसत्या माह्या सांगन्यानं साहेब मानत नाईत. वही खरी का फिटरचा बाप खरा, असं म्हनतीन. लेखी पाह्यजे. तुमच्या हातचं, तुमच्या सहीचं. आत्ता. फोटो काढून पाठवा."

घरात कोरा कागद सापडेना. खाटेवर फाईल होती, तिच्यावर गोविंदसिंगने दिलेला फॉर्म. धम्मरत्नने तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. अक्षर त्याचंच होतं, वहीतलं. मी, माजी हवालदार धम्मरत्न किसन इंगोले, कबूल करतो की तोफ क्रमांक चारशे बारा हिच्यात मी टाकलेलं पॅकिंग ओरिजिनल नव्हतं आणि वहीतली माझी नोंद खोटी आहे. खाली सही केली. अठरा सह्या त्याने डोळे झाकून केल्या होत्या. ही करताना त्याला दोनदा पेन उचलावं लागलं.

मंजुषाने फोटो काढला, पाठवला. फोन चालूच होता. तिने तो पुन्हा कानाला लावला.

"भेटला म्हनतात. साहेबाकडे जातो आता." ती थांबली. पलीकडून प्रसेनजित आणखी काहीतरी बोलत होता. मंजुषाने सासऱ्याकडे पाहिलं आणि हळू विचारलं, "ते म्हनतात, बाबाले इचार. ही एकच तोफ होती का?"

धम्मरत्नने ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

"अकरा," तो म्हणाला. "अकरा होत्या. साऱ्याइच्या वहीत माहीच सही हाये. आता कोन्ती कोठी गेली, मले नाई माहीत. नंबर सांगतो, तू त्याले सांगत जाय."

तो एकेक नंबर लिहीत गेला आणि मोठ्याने म्हणत गेला. चारशे नऊ. चारशे तीस. तीनशे अठ्ठ्याऐंशी. एका तोफेचं चाक हलायचं, एकीच्या नेम धरायच्या साईटवर कोणीतरी मुलीचं नाव कोरलं होतं, अशा खुणांवरून ते आठवत होते. मंजुषा प्रत्येक नंबर फोनवर सांगत होती. तिकडे प्रसेनजित लिहून घेत असणार. चारशे बारा धरून नववा नंबर झाला आणि धम्मरत्न थांबला.

"आनखी दोन," मंजुषा म्हणाली.

त्याने डोळे मिटले. दोन तोफा होत्या. रांगेच्या टोकाला, भिंतीच्या बाजूला. त्याला त्या दिसत होत्या, त्यांत वायसर बसवताना बोटाला लागलेलंही आठवत होतं. पण नंबराच्या जागी बघितलं की नुसता ताजा हिरवा रंग दिसायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच सगळ्या तोफांना रंगाचा हात मारला होता, आणि त्या दोघींवर नंबर दुसऱ्या कोणीतरी टाकले होते.

त्याने डोळे उघडले. मंजुषा फोन धरून त्याच्या तोंडासमोर वाकली होती.

"मामाजी, ते थांबले हायेत. पुढचा नंबर सांगा."